आमच्या जिरूला घरात रुळवायचं कसं?

शेव_परमल | १० जानेवारी, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही इंदूरचे, सुदामा नगरात राहतो. घरात मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मागच्या रविवारी रात्री बापलेक सराफ्यात गराडू खायला म्हणून गेले आणि येताना जॅकेटात पिल्लू घेऊन आले. त्याची आई गाडीखाली गेली होती म्हणे. भावंडं कुणी कुणी उचलून नेली, हे एक नालीच्या कडेला उरलं होतं. रंग अगदी पोह्यांवर भुरभुरवतात त्या जिरावनचा, म्हणून नाव जिरावन. हाकेला जिरू.

आज सहावा दिवस आणि आमची पार दैना झाली आहे. गॅलरीत खोकं, त्यात गोधडी, पाण्याची वाटी, चेंडू, सगळा थाट केला. तिथे ठेवलं की रात्री बारापासून जो सूर लावतो तो चारपर्यंत. आत आणलं की सासूबाईंच्या जुन्या शिलाई मशीनखाली शिरतो आणि लोखंडी पायट्यावर मुटकुळं करून बसतो. जाळीतून फक्त नाक दिसतं. आम्ही तिघं आळीपाळीने पालथे पडून बिस्किट दाखवतो, गोड बोलतो, पण हात पुढे केला की तो आणखी मागे सरकतो. काल मुलगा फारच आत घुसला तेव्हा त्याच्या बोटाला चावला. जरासं खरचटलंय, हळद लावली. सू कागद सोडून सगळीकडे.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, स्वयंपाकघर आणि देवघर त्याला बंद. वर म्हणाल्या, "त्याला त्याची आई हवी आहे, ती तुम्ही आणू शकत नाही. मग कशाला आणलंत?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. पहाटे चारला त्या जपाला उठतात, तोवर आम्ही टक्क जागे.

पिल्लू घराला रुळायला किती दिवस लागतात? आमचं काय चुकतंय?

---

खडीसाखर | ११ जानेवारी, सकाळी ७:१०

जिरावन!!! काय गोड नाव आहे. फोटो टाका आधी, सल्ले मग.

---

जुना_भिडू | ११ जानेवारी, सकाळी ८:३४

सोपं आहे. तीन रात्री रडू द्या, चौथ्या रात्री गप्प होतं. रडल्यावर जवळ घेतलंत की त्याला कळतं, रडलं की माणूस येतो. मग जन्मभर नाचवेल. आमच्या वाड्यात आजवर पाच कुत्री झाली, सगळी ओटल्यावर वाढली. एकालाही गोधडी नव्हती.

---

पुणेकर_नाइलाजाने | ११ जानेवारी, सकाळी ९:०२

भिया, जानेवारीत इंदूरच्या ओटल्यावर? मी स्वतः तिथे वाढलोय, रात्री पारा दहाच्या खाली जातो. ते पिल्लू शिस्तीपायी नाही, थंडीने रडत असेल.

एक जुनी युक्ती: गजराचं टिकटिक वाजणारं घड्याळ टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवा (गजर बंद करून, हे लिहिणं गरजेचं आहे, मी केलं नव्हतं). शेजारी कोमट पाण्याची बाटली, तीही कापडात. आईच्या कुशीतली ऊब आणि ठोका, दोन्हीची थोडी नक्कल होते.

अवांतर: गराडू म्हटल्यावर पुढचं वाचायला पाच मिनिटं लागली.

---

बडोद्याची_बयो | ११ जानेवारी, दुपारी १२:४५

जुना_भिडू, आदर ठेवून असहमत. रडलं की माणूस येतो हे पिल्लाला कळलं तर वाईट काय? सहा-सात आठवड्यांचा जीव कालपर्यंत चार भावंडांच्या ढिगात झोपत होता. एकटं पडणं म्हणजे त्याच्या लेखी जिवावरचं संकट.

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी जग्गू आला तेव्हा टीव्हीचं खोकं माझ्या पलंगाला लागून ठेवलं. रात्री कुरकुरला की पडल्या पडल्या हात खाली सोडायचा. दिवा नाही, बोलणं नाही, उचलणं तर नाहीच. तो बोटं हुंगून परत झोपायचा. तिसऱ्या रात्रीपासून एकदाच उठायला लागला, तेही सूसाठी. मग मी रोज खोकं एक लादी पुढे सरकवलं. पलंगापासून दारापर्यंत सतरा लाद्या. सतराव्या रात्री जग्गू दाराबाहेर, त्याच्या जागेवर, आणि त्याला पत्ताही नाही. सासरे रोज सकाळी विचारायचे, "गाडी कुठवर आली?"

गॅलरी पहिल्या रात्रीसाठी नाही, ती सतराव्या रात्रीसाठी.

---

जुना_भिडू | ११ जानेवारी, दुपारी १:२०

सतरा लाद्या! एवढ्यात लोक नर्मदा परिक्रमा सुरू करतात.

---

गोठ्यातला_डॉक्टर | ११ जानेवारी, रात्री ९:१५

महूला पशुवैद्यकी शिकलो, आता निमाडात असतो. बाकी सगळं नंतर, आधी मुलाचं बोट.

हळद लावून भागणार नाही. पिल्लू लहान आहे, दुधाचे दात आहेत, घरातलं आहे, यातल्या कशालाही अर्थ नाही. रस्त्यावरून आलेल्या, लस न झालेल्या पिल्लाला रेबीज असू शकतो. कातडी खरचटली असेल, रक्त आलं नसलं तरीही लस घ्यायची. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची असते. घड्याळ लावून १५, अंदाजे नाही. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. तेव्हा धुतलं नसेल तर आत्ता धुवा आणि सकाळी सरकारी दवाखाना गाठा. पहिलं इंजेक्शन, मग तिसऱ्या आणि सातव्या दिवशी, पुढचे दिवस डॉक्टर सांगतील. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर उपचार हाती राहत नाही, म्हणून घाबरवतोय असं वाटलं तरी चालेल.

आता जिरू. वय दातांवरून बघा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दात फुटतात, आठव्याच्या आसपास २८ दुधाचे दात पुरे होतात. जंताचं औषध वजनावर ठरतं, त्यामुळे डॉक्टरकडे वजन करूनच घ्या. ते तीन महिन्यांचा होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, नंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. लशी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दिल्या जातात. रेबीजची तीन महिन्यांचा झाल्यावर.

उलट्या, घाण वासाची रक्ताळ हगवण आणि मान टाकून पडणं, असं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. पार्वो (पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार) असेल तर पिल्लाच्या अंगात वाट बघण्याइतकं पाणी उरत नाही.

दूध पाजताय का?

---

उगाच_आपलं | ११ जानेवारी, रात्री ९:४०

कुत्र्यांना माणसं करून ठेवलंय आजकाल. आधी माणसांच्या पोरांकडे बघा.

---

बडोद्याची_बयो | ११ जानेवारी, रात्री ९:४४

माणसाच्या पोराच्या बोटाबद्दलच चाललंय हो. वरचा प्रतिसाद वाचा.

---

शेव_परमल | १२ जानेवारी, दुपारी ३:३०

डॉक्टर, मनापासून आभार. रात्रीच बोट धुतलं, सकाळी जाऊन इंजेक्शन झालं. आम्हाला खरंच वाटलं होतं एवढ्याशा पिल्लाचं काय. जिरूचंही वजन झालं, दोन किलो शंभर. तिथल्या डॉक्टरांच्या मते सात-साडेसात आठवड्यांचा आहे. जंताचं औषध आणि पहिली लस झाली.

दूध पाजतोय. दूध-बिस्किट, दिवसातून पाच वेळा. आणि हो, पातळ होतंय. आता लाज वाटतेय.

---

गोठ्यातला_डॉक्टर | १२ जानेवारी, रात्री ८:०५

लाज नको, दहातली नऊ घरं हेच करतात. गाईम्हशीच्या दुधातली साखर पिल्लांना नीट पचत नाही, बिस्किटातला मैदा आणि साखर कामाची नाही. पिल्लांसाठीचं कोरडं खाणं मिळतं ते कोमट पाण्यात भिजवून दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. जुन्या खाण्यावरून नव्यावर एकदम उडी नको, चार-पाच दिवसांत आणा. घरचं द्यायचं तर मऊ भात आणि उकडलेली कोंबडी किंवा अंडं, बिनमिठाचं.

आणि नाव जिरावन ठेवलंत तरी पोहे देऊ नका! वरचा कच्चा कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, शिजलेलाही तेच करतो. लसूणही नको. प्रसादाच्या शिऱ्यातले मनुके मूत्रपिंडाला घातक, चॉकलेटही विषच.

---

शेव_परमल | १२ जानेवारी, रात्री ८:३१

अंडं? आमच्या घरात? सासूबाई जिरूसकट आम्हाला सगळ्यांना त्या मशीनखाली बसवतील.

---

तिलकनगरची_मावशी | १२ जानेवारी, रात्री ८:५०

आमच्याकडे गच्चीवर जुना वातीचा स्टोव्ह, एक वेगळं पातेलं आणि एक वेगळा चमचा आहे. त्या पातेल्याला घरात "गच्चीवरचं" म्हणतात, आत काय शिजतं ते कुणी विचारत नाही. यजमान गेली सहा वर्षं श्रावणातसुद्धा गच्चीवर जातात. कुत्र्यासाठी.

---

पुणेकर_नाइलाजाने | १२ जानेवारी, रात्री ८:५३

"कुत्र्यासाठी." 😄 कुत्रा किती किलोचा आणि यजमान किती?

---

तिलकनगरची_मावशी | १२ जानेवारी, रात्री ९:२०

हसा. पण गंभीर गोष्टही सांगते. या सहा वर्षांच्या मोतीआधी आम्ही दुकानातून लॅब्राडोर आणला होता. दुकानाचं नाव घेत नाही. "दोन महिन्यांचा आहे, लशी झाल्यात" म्हणून पुस्तिका दिली. घरी आल्यावर धड चालता येईना. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं आणि म्हणाले, जेमतेम पाच आठवड्यांचा आहे. पुस्तिकेवर लशीचं स्टिकर नव्हतं, नुसतं पेनाने लिहिलेलं. अकराव्या दिवशी पार्वोने गेला. नियम २०१७ सालापासून आहे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. दुकानदार म्हणाला, "मॅडम, नेताना तर चांगला होता."

मोती कॉलनीतलाच आहे, फुकटचा. जिरूला रस्त्यावरून आणलात ते उत्तम केलंत.

---

खडीसाखर | १२ जानेवारी, रात्री ९:३३

वाचून वाईट वाटलं मावशी.

(फोटो अजून आलेला नाही.)

---

लष्करवाला | १३ जानेवारी, सकाळी ६:२०

ग्वाल्हेरहून. धागा दोनदा वाचला. परमलताई, तीन प्रश्न.

१. चारनंतर पिल्लू गप्प होतं असं दिसतंय. रोज? अगदी चारलाच?
२. सासूबाई जपाला कुठे बसतात?
३. त्या त्याच्याशी बोलतात का?

---

शेव_परमल | १३ जानेवारी, सकाळी ११:०५

१. हो, रोज. मला वाटायचं दमून झोपतो.
२. देवघरात थंडी वाजते म्हणून हल्ली हॉलमध्ये खुर्चीवर बसतात. खुर्ची मशीनला लागूनच आहे. त्या उठल्या की गॅलरीचं दार उघडतात, नाहीतर दिवा लावायला तुळशीपर्यंत जाता येत नाही.
३. बोलणं? बघतसुद्धा नाहीत. पायाशी आला तर पदर सावरून घेतात.

आता लिहिताना माझ्याच डोक्यात काहीतरी वाजलं.

---

लष्करवाला | १३ जानेवारी, दुपारी २:४०

वाजलं ना? म्हणजे चारला दार उघडतं, तो गॅलरीतून आत येतो, मशीनखाली बसतो आणि त्यांच्या पायाशेजारी झोपतो. तुमच्या घरात त्याला एकच माणूस सुरक्षित वाटतं, आणि ते म्हणजे त्याला न आणलेलं माणूस.

तुम्ही तिघं पालथे पडून त्याच्या डोळ्यांत बघता, वरून हात आणता, बिळात हात घालता. प्रेमाने घालता हे त्याला ठाऊक नाही. त्याच्या जगात जो टक लावून बघतो आणि वरून झेपावतो तो खाणारा असतो. मागे सरकायला जागा उरली नाही तेव्हा तो चावला. सासूबाई मात्र ठरल्या वेळी येतात, एका जागी बसतात, तासभर हलत नाहीत, त्याच्याकडे बघत नाहीत, एका लयीत पुटपुटतात. बुजऱ्या कुत्र्याला माणसाळवायला बसणारी जाणकार माणसं हेच करतात, फक्त हातात माळ नसते.

माझा सल्ला:

मशीनखालची जागा त्याची. गोधडी तिथे नेऊन घाला, खोकं फेकून द्या. तो तिथे असताना कुणीही हात घालायचा नाही, उचलायचं नाही, केर काढायलाही नाही. मुलाला हे जरा समजावून सांगा. जमिनीवर बसायचं तर त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून, चार हातांवर. पुस्तक वाचा, भाजी निवडा. खाण्याचा दाणा बाजूला टाकायचा, त्याला दाखवायचा नाही, आपण आपल्या कामात. तो आला, हुंगलं, गेला, तर जाऊ द्या. स्वतःहून आला तर हनुवटीखाली, छातीला हात लावा, डोक्यावरून नको. रोज दोन-तीन वेळा, दहा मिनिटं. बाकी वेळ झोपू द्या. या वयात दिवसाचे अठरा-वीस तास झोपायचे असतात आणि तुमच्याकडे तो रात्री रडतो नि दिवसा तीन माणसं त्याला उठवतात.

फरशी कोणती आहे? गुळगुळीत असेल तर मशीनपासून दारापर्यंत पायपुसणी टाका. पाय घसरतो म्हणूनही पिल्लं कोपरा सोडत नाहीत.

रात्री तुमच्यापैकी कुणीतरी आठवडाभर हॉलमध्ये झोपा. बयोताईंच्या लाद्या इथे उलट्या मोजायच्या: माणूस सरकवा, पिल्लू नको.

---

गोठ्यातला_डॉक्टर | १३ जानेवारी, रात्री ७:५०

लष्करवाले, दंडवत. मी औषधं सांगत बसलो आणि तुम्ही रोगी ओळखलात.

---

जुना_भिडू | १३ जानेवारी, रात्री ८:१५

म्हणजे दुर्लक्ष करा हेच ना? मी वेगळं काय सांगत होतो?

---

लष्करवाला | १३ जानेवारी, रात्री ८:४०

जवळ बसून दुर्लक्ष करायचं. तुम्ही दार लावून घ्यायला सांगत होता.

---

बडोद्याची_बयो | १४ जानेवारी, सकाळी ८:००

तिळगूळ घ्या गोड बोला सगळ्यांनी, भिडूंनीही. 🙂

इथे आज उत्तरायण. गच्च्यांवर कर्णे, पिपाण्या, "काप्यो छे"च्या आरोळ्या, आणि रात्री फटाके. जग्गू पहिल्या वर्षी न्हाणीघरात बालदीमागे बसला होता. हल्ली आम्ही आतली खोली, पडदे, पंखा मोठा, आणि चघळायला काहीतरी अशी सोय करतो. पिल्लाच्या पायाला मांजा गुंतणार नाही एवढं बघा.

---

शेव_परमल | १४ जानेवारी, सकाळी ९:१०

आवाजावरून: आमची कचरागाडी! सकाळी सातला गाणं वाजवत वळणावर आली की जिरू थरथरतो आणि तिथेच सू. इंदुरात राहून कचरागाडीला घाबरायचं म्हणजे कठीण आहे, ती रोज येणार.

आणि दुसरा प्रश्न, सूचे कागद कुठल्या डब्यात टाकायचे? नवरा म्हणतो सुका, मी म्हणते ओला. काल यावर भांडण झालं.

---

तिलकनगरची_मावशी | १४ जानेवारी, सकाळी ९:३५

आमच्या गाडीवरचे भिया डायपरच्या डब्यात टाकायला लावतात. सुक्यात टाकलंत तर सगळ्या गल्लीसमोर परत देतील, अनुभव आहे.

---

पुणेकर_नाइलाजाने | १४ जानेवारी, सकाळी ९:४१

जगातलं एकमेव शहर जिथे नवराबायको ओला की सुका यावर भांडतात. ऊर भरून आला.

---

गोठ्यातला_डॉक्टर | १४ जानेवारी, रात्री ९:००

गाडीचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. जेवायला दिलं की अगदी बारीक आवाजात लावा, खाणं संपलं की बंद. तो मान वर न करता खात राहिला तर दोन दिवसांनी आवाज एक पायरी वर. थांबला किंवा दबला तर पायरी खाली. गाणं म्हणजे जेवण, असं डोक्यात बसलं पाहिजे.

यात घाई का, ते सांगतो. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत पिल्लाच्या डोक्याची दारं उघडी असतात. या काळात जे शांतपणे बघितलं-ऐकलं ते पुढे ओळखीचं वाटतं. नेमक्या याच काळात लशी अपुऱ्या असतात, म्हणून आम्ही डॉक्टर मंडळी "बाहेर काढू नका" म्हणतो आणि लोक चार महिने घरात कोंडून ठेवतात. मग रिक्षा, हेल्मेट, छत्री, म्हातारबाबांची काठी, सगळ्यांवर भुंकणारा कुत्रा तयार होतो. मधला रस्ता असा: जमिनीवर ठेवायचं नाही, कडेवर घेऊन फिरवायचं. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे जिथे इतर कुत्री फिरतात ती जमीन नको, पण जग बघायला जमीन लागत नाही. छप्पन दुकानावर कडेवर दहा मिनिटं उभं राहिलं तरी पुष्कळ. लोकांना हात लावू देऊ नका.

---

शेव_परमल | १९ जानेवारी, रात्री १०:४०

आठवड्याचा हिशोब देते.

मुलाला सांगितलं, मशीन म्हणजे जिरूचं घर, आणि कुणाच्या घरात बेल न वाजवता शिरत नाहीत. त्याने पुठ्ठ्यावर "विना अनुमती प्रवेश निषेध" लिहून मशीनला लावलंय. पहिले दोन दिवस मी पाठ करून मटार सोलत बसले. काही घडलं नाही. तिसऱ्या दिवशी पाठीला काहीतरी गार लागलं. नाक! मी श्वास धरून बसले. त्याने माझ्या वेणीचं टोक तोंडात धरलं, जरा ओढून बघितलं, सोडलं आणि एक मटाराचा दाणा उचलून पळाला. मी रडले, खरंच सांगते.

नवरा हॉलमध्ये झोपतो. परवा रात्री एकदाच उठला. (जिरू. नवरा उठलाच नाही.) पायपुसणी टाकल्यापासून नखांचा टकटक आवाज कमी झाला आणि चाल वाढली.

अंड्याचा प्रश्न: मोटरपाशी, मागच्या अंगणात, इंडक्शनवर. सासूबाईंना माहीत आहे. त्या म्हणाल्या, "मला सांगू नका आणि त्या हाताने नळ उघडू नका."

सू मात्र कठीण आहे. रागावलं तर लपून करतो. नवऱ्याने एकदा नाक घासायचा विचार केला होता, मी थांबवलं, बरोबर ना?

---

जुना_भिडू | १९ जानेवारी, रात्री ११:०५

नाक घासायचं हे आमच्या वडिलांच्या काळापासून...

---

लष्करवाला | २० जानेवारी, सकाळी ६:१५

...आणि त्या काळापासून कुत्री दिवाणामागे जाऊन सू करताहेत. रागावण्यातून त्याला एवढंच समजतं की माणसादेखत करायची नाही.

उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर, झोपण्यापूर्वी, या चार वेळा एकाच जागी न्यायचं, एकच शब्द म्हणायचा, झाली की तिथल्या तिथे, दोन सेकंदांत शाबासकी आणि दाणा. घरात येऊन दिलेला दाणा सूचा नसतो, घरात येण्याचा असतो. अंदाज असा धरा: जितके महिने, त्यात एक मिळवून तितके तास धरवतं. म्हणजे दोन महिन्यांच्या जिरूला फार तर तीन, तेही झोपेत.

---

गोठ्यातला_डॉक्टर | २० जानेवारी, रात्री ८:२०

चुकून झालेली जागा नुसत्या फिनाइलने पुसू नका, आपल्याला वास गेला असं वाटतं, त्याला तिथेच सू केल्याचं कळत राहतं. कागदाने टिपून, पाण्याने धुऊन, मग एन्झाइमवालं मिळतं ते वापरा. नाहीतर पांढरं व्हिनेगर पाण्यात. ब्लीच सूवर थेट ओतू नका, त्याचा धूर छातीत जातो.

---

उगाच_आपलं | २० जानेवारी, रात्री ८:४५

देवघराचं काय झालं पण? दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाच्या शेजारी एक असतो. होळकरांच्या गावात, जिथे राजवाड्यात मल्हारी मार्तंड बसलाय, तिथे कुत्र्याला सोवळं-ओवळं?

---

शेव_परमल | २१ जानेवारी, दुपारी ४:००

उगाच_आपलं, तुमचा मुद्दा मी सासूबाईंना वाचून दाखवला. उत्तर जसंच्या तसं देते: "दत्ताची कुत्री फ्रेमीत बसतात. फ्रेमीत सू करत नाहीत."

देवघर बंद ते बंदच.

---

उगाच_आपलं | २१ जानेवारी, दुपारी ४:१२

शरण.

---

खडीसाखर | १६ मार्च, सकाळी १०:२५

धागा वर काढते. परमलताई, दोन महिने झाले, जिरू कसा आहे? आणि येत्या बुधवारी रंगपंचमी. इंदूरची गेर म्हणजे तोफा, डीजे, रंगाचे फवारे. त्याचं काय करणार?

---

शेव_परमल | २० मार्च, रात्री ९:३०

उशीर झाला, माफ करा. काल रंगपंचमी पार पडली. आमच्या बाजूला राजवाड्याची गेर येत नाही, पण कॉलनीचा स्वतःचा डीजे आहे आणि तो कमी नाही. दारंखिडक्या लावल्या, पंखे लावले, रंग खेळून आलेल्या माणसाने अंघोळ केल्याशिवाय जिरूजवळ जायचं नाही असा नियम केला, कारण तो हात चाटतो. दोन तास मशीनखाली होता. खरं तर आता मावत नाही, अर्धा बाहेर असतो. आठ किलोचा झालाय, दुधाचे पुढचे दात पडून नवीन येताहेत. एक दात मुलाने कंपासपेटीत ठेवलाय. चावायला गार गाजर देतो, तरी माझ्या दोन चपला आणि "विना अनुमती"चा पुठ्ठा गेला.

लशी पुऱ्या झाल्या, रेबीजचीही. कचरागाडीचं गाणं लागलं की आता लाळ गाळत दाराशी जाऊन बसतो. गाडीवरचे भिया म्हणतात, कॉलनीत सर्वांत आधी हाच येतो.

पहिल्या पोस्टमध्ये विचारलं होतं, रुळायला किती दिवस लागतात. तीन दिवसांत खायला लागला, तीन आठवड्यांत घरात फिरायला. बेलला घाबरून न पळता दाराकडे बघायला लागला तो दिवस गेल्या रविवारचा.

सासूबाई बदलल्या असं काही वाटून घेऊ नका. अजूनही त्याच्याकडे बघत नाहीत. परवा म्हणाल्या, "हा माझ्या मागे मागे येतो, याला घ्या." आम्ही घेतलं. तो गेला परत.

खडीसाखर, फोटो टाकलाय.

---

खडीसाखर | २० मार्च, रात्री ९:४१

यात शिलाई मशीन आहे फक्त. आणि एका खुर्चीचा पाय. जिरू कुठाय?

---

शेव_परमल | २० मार्च, रात्री ९:४४

जाळीतून काळं दिसतंय ना, ते.